नाथसागर आणि प्रतिद्रव्य

मी मराठीचा प्राध्यापक. भौतिकशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला तो सुटलाच. पण गेल्या उन्हाळ्यात सौभाग्यवतींची पेट तपासणी ठरली आणि जुनी ओळख नव्याने निघाली.

ठरल्या दिवशी आम्ही उपाशीपोटी जाऊन बसलो, आणि औषध आलेच नाही. गाडी वाटेत अडकली म्हणे. हे औषध थांबत नाही. त्यातले किरणोत्सर्गी फ्लोरीन दर 110 मिनिटांनी निम्मे होते. त्यातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, बाहेर पडतात. ते शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि मागे दोन किरण उरतात. यंत्र ते टिपते. 1932 साली अँडरसन यांना सापडलेला हाच तो कण. तो इलेक्ट्रॉनवर आदळला तर काय होईल, याचे गणित 1936 साली प्रसिद्ध केले ते आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी!

घरी परतताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, अंतराळात ऊन फुकट आहे. तिथे कारखाना काढून प्रतिद्रव्याचा ढीगच का घालत नाहीत?"

आईसाठी विचारलेल्या प्रश्नाला 'गप्प बस' म्हणवेना. भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याला गाठले आणि पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला.

प्रतिद्रव्य एकटे जन्मत नाही. एक ग्रॅम हवे तर सोबत एक ग्रॅम साधे द्रव्यही घडते. दोन्ही मिळून ऊर्जा लागते पाच कोटी युनिट. वातावरणाबाहेर दर चौरस मीटरवर सुमारे 1361 वॅट ऊन पडते. एक चौरस किलोमीटरचे तावदान पसरले आणि सांडलवंड मुळीच झाली नाही, तर दीड दिवसात काम फत्ते! चिरंजीव उडालेच.

पण आता गंमत पाहा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेगवान प्रोटॉन धातूच्या तुकड्यावर आपटतात. लाखो आपटावे तेव्हा एखादा प्रतिप्रोटॉन हाती लागतो. घातलेल्या ऊर्जेचा फार तर अब्जावा भाग पदरात पडतो. त्या मानाने आमच्या तावदानाला एका ग्रॅमसाठी 42 लाख वर्षे हवीत. तावदान आपल्या अख्ख्या जिल्ह्याएवढे, म्हणजे सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचे केले, तरी चारशेवर वर्षे! सर्नने आजवर केलेले सारे प्रतिद्रव्य एकत्र केले तरी ग्रॅमचे काही अब्जांश भरेल.

संभाजीनगरकरांना हे समजावून सांगायला नको. पैठणला नाथसागर तुडुंब असताना आठ-आठ दिवस कोरडा राहिलेला नळ आपण पाहिला आहे. उन्हाचे धरण भरलेलेच आहे. अडले आहे ते नळाशी. हा कारखाना दहा हजारांत एक भाग देईल इतका सुधारला, तर तेच एक चौरस किलोमीटरचे तावदान 42 वर्षांत ग्रॅम देईल. म्हणून अंतराळात तावदाने नेण्याआधी जमिनीवरचा कारखाना सुधारावा, असे माझ्या अडाणी मनाला वाटते.

शिवाय ठेवायचे कशात? भांड्याला लागले की संपले. चुंबकाच्या पिंजऱ्यात, निर्वात पोकळीत, मूठभर प्रतिप्रोटॉन वर्षाहून अधिक काळ जपले गेले आहेत. पण ते एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे ग्रॅमभर कोंबता येत नाहीत. आणि इतके करून मिळते ते घातलेलेच परत. ती खाण नव्हे, कोठी आहे. लांबच्या अंतराळयानाला कधी उपयोगी पडली तर पडेल.

"मग आईचं औषध?" चिरंजीवांनी विचारले. त्याला ढीग लागत नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात ते फ्लोरीन तयार होते, आणि पॉझिट्रॉन त्यातून आपोआप निघतात. मुंबईला परळमध्ये असे यंत्र 2002 पासून आहे. म्हणजे आमची अडचण उन्हाची नव्हती, रस्त्याची होती.

दुसऱ्या खेपेला औषध वेळेवर आले. पुढची तपासणी दिवाळीनंतरच्या मंगळवारी आहे. गाडी पहाटेच निघेल, असे कळवले आहे. चिरंजीवांनी 110 मिनिटांचा तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आहे.