जमिनीचा दाम आणि चिमट्याचं गुपित

गोदामात सोयाबीन ठेवून त्यावर कर्ज काढणं बुलढाण्याच्या शेतकऱ्याला नवं नाही. माल विकून पैसा लगेच मोकळा होतो. जमिनीचं तसं नाही. लंडनचे डॉक्टर ह्यू चेंबरलेन इथेच फसले.

1690च्या दशकात त्यांनी जमिनीच्या तारणावर नोटा काढणारी बँक सुचवली. शंभर वर्षांचा खंड म्हणजे एका वर्षाच्या खंडाच्या शंभरपट रोकड, असा त्यांचा हिशेब! बाजारात तर वीसेक वर्षांच्या खंडात जमीन कायमची विकत मिळे. उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, हे डॉक्टरसाहेब विसरले. योजना बारगळली.

त्यांचा मूळ व्यवसाय बाळंतपणाचा. अडलेलं मूल सोडवणारा चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, हे चेंबरलेन घराण्याचं पिढीजात गुपित. 1670 मध्ये पॅरिसला मोरिसो या डॉक्टरांनी त्यांना मुडदुसाने कटिभाग अरुंद झालेली एक अडलेली बाळंतीण सोपवली. पाव तासात सोडवतो म्हणाले, तीन तास झटले; बाई दगावली. तरी मोरिसोंचं पुस्तक त्यांनी 1672 मध्ये इंग्रजीत आणलं. प्रस्तावनेत गुपिताचा उल्लेख आहे, कृती नाही. ही लपवाछपवी मला अक्षम्य वाटते. घराण्याची अवजारं 1813 मध्ये एसेक्समधल्या घराण्याच्या जुन्या घरात, लाकडी फरशीच्या फळ्यांखाली सापडली.