अतिदक्षता विभागाच्या दारापाशी

सुरतेच्या दिंडोलीस लागून असलेल्या नवागामात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. तेथील एखादी आजी अत्यवस्थ झाली, की तिला शहरातील नव्या सिव्हिल इस्पितळात अथवा महापालिकेच्या स्मीमेर इस्पितळात नेतात. मग डॉक्टर विचारतात, "श्वासाची नळी घालावी काय?" मुले एकमेकांकडे पाहत राहतात; कारण आजी शुद्धीत असता तिला कोणी काही विचारलेलेच नसते.

ही विद्या फार जुनी नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा डॉ. ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवून हाताने हवा भरविली. शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबीत बसले. आज ते काम यंत्र करते. परंतु यंत्र काळ मिळवून देते, रोग बरा करीत नाही. न्यूमोनियाने आजारी पडलेला, कालपर्यंत हिंडता-फिरता असलेला वृद्ध त्यातून उठू शकतो. केवळ वय पाहून त्याला नाकारणे अन्यायाचे होय. वर्षभर अंथरुणास खिळलेल्याची गोष्ट निराळी. पडून राहिल्याने म्हाताऱ्या देहातील स्नायू झपाट्याने झिजतात, मनही भ्रमते. चष्मा, श्रवणयंत्र व घरच्या माणसाचा आवाज यांनी तो भ्रम आवरण्यास मदत होते. भेटीची वेळ म्हणूनच दवडू नये.

खर्चाचा धसका सर्वांस असतो. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी गाठलेल्यांस उत्पन्नाची अट न ठेवता घरटी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड आजाराआधीच काढावे.

"नळी नको म्हटले तर पाप लागेल काय?" असे भाविक विचारतात. परमगुरू बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे याचा खुलासा केला होता. साधारण उपायांनी जीव राखणे हे कर्तव्य; असाधारण उपायांचे बंधन नाही. जाणूनबुजून जीव घेणे मात्र सर्वथा वेगळे.

सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ रोजी, आपली इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली व २०२३ च्या जानेवारीत रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित केला, की पुरे. उपचार थांबविण्यापूर्वी मात्र डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. कागद करणे जड वाटत असेल, तर निदान जेवण झाल्यावर आजीजवळ बसून तिला विचारावे. ती प्रथम रागावेल. मग बहुधा बरेच काही सांगेल.