बार्शीपर्यंत आलेला कायदा : रँग्लर परांजपे यांची मंत्रिपदाची कारकीर्द

आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत दोन जुने कागद आहेत. एक आजोबांच्या जमिनीचे खरेदीखत. मजकूर उर्दूत, खाली आजोबांचा अंगठा. दुसरे त्यांच्या मामेभावाने बार्शी तालुक्यातून पाठवलेले पोस्टकार्ड, ठसठशीत बाळबोध अक्षरातले. दोघेही एका वयाचे, दोघेही कोरडवाहू शेतकरी. फरक एवढाच की एकाच्या गावावर निजामाचा अंमल होता, दुसऱ्याच्या गावावर इंग्रजांचा. खताचे दुकान सांभाळून मी गेली पंचवीस वर्षे जमेल तसा जिल्ह्याचा इतिहास वाचतो आहे. त्या वाचनाची सुरुवात या दोन कागदांपासून झाली आणि त्यांचा माग काढताना मी जाऊन पोचलो रँग्लर परांजपे यांच्यापाशी.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने ते शिकले आणि १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा असताना ते पुण्याला परतले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राजकारणात त्यांचे गुरू गोखले. म्हणजे मवाळ. हा शब्द आपल्याकडे आजही थोडा हिणवूनच उच्चारला जातो. पण मवाळांचा आग्रह काय होता? सुधारणा कायद्याने व्हावी, अंदाजपत्रकात तिच्यासाठी पैसा असावा आणि ती पुन्हा काढून घेता येऊ नये.

गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. सरकारचे म्हणणे, पैसा नाही आणि लोकांची तयारीही नाही. १९१५ मध्ये गोखले गेले. त्यांचे हे अपुरे काम मुंबई प्रांतात पुढे नेण्याची संधी परांजपे यांना मिळाली, ती १९१९च्या सुधारणा कायद्यामुळे.

ही व्यवस्था द्विदल राज्यपद्धती म्हणून ओळखली जाते. शिक्षण, स्थानिक स्वराज्य अशी खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या भारतीय मंत्र्यांकडे सोपवली, तर अर्थ, पोलीस, महसूल गव्हर्नर आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवले. सोप्या शब्दांत सांगायचे तर स्वयंपाकघर सुनेच्या हाती आणि कोठाराची किल्ली सासूच्या कमरेला. काँग्रेसने असहकारात कायदेमंडळांवर बहिष्कार घातला. मवाळ आत गेले. जानेवारी १९२१ मध्ये परांजपे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. सरकारशी असहकार चालू असताना सरकारातच बसणे म्हणजे शिव्या ओढवून घेणे, आणि त्यांनी त्या खाल्ल्या.

या मंत्रिपदाचे मुख्य फळ म्हणजे १९२३चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा. १९१८चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा नगरपालिकांपुरता होता. परांजपे यांच्या कायद्याने खेड्यांनाही कवेत घेतले. प्राथमिक शाळांचा कारभार शिक्षण खात्याकडून नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्डांच्या शाळा मंडळांकडे आला. आपल्या हद्दीत सक्तीच्या शिक्षणाची योजना आखण्याचे काम बोर्डांचे. वाढीव खर्चातला ठरावीक वाटा सरकारने उचलायचा.

कायदा निर्दोष नव्हता. सक्ती कधी आणि कुठे आणायची हे बरेचसे बोर्डांच्या मर्जीवर राहिले आणि पैशाअभावी बहुतेक योजना रखडल्या. नेमणुका-बदल्यांत स्थानिक राजकारण शिरल्याची तक्रारही पुढे झाली. पण शाळा हे सरकारचे उपकार नसून देणे आहे, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात गेली. मामेभावाच्या पोस्टकार्डाचे श्रेय मी या एका कायद्याला देत नाही. इंग्रजी मुलखात शाळा आधीपासून होत्या. पण त्या मुलखात शाळेसाठी अर्ज करायला बोर्ड होते, प्रश्न विचारायला कायदेमंडळ होते. आजोबांना यातले काहीच नव्हते.

हा कायदा बार्शीपर्यंत आला आणि थांबला. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशीवरून लातूरपर्यंत धावत होती, हद्द ओलांडून माल आणि माणसे जात होती. कायदा मात्र जाऊ शकत नव्हता. यात इतिहासाची एक थट्टा आहे. १८५३च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही निजामाने इंग्रजांकडे सोपवला होता. मेडोज टेलर नळदुर्गला राहून कारभार पाहत असे. १८६०च्या तहात वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले. आपला मुलूख परत गेला. नसता गेला, तर कदाचित आजोबाही लोकल बोर्डाच्या शाळेत बसले असते.

मग इकडच्या लोकांनी काय केले? परांजपे मंत्री झाले त्याच १९२१ साली हिप्परग्यात व्यंकटराव देशमुख, अनंतराव कुलकर्णी आदींनी राष्ट्रीय शाळा काढली. पुढे १९२९ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक म्हणून आले आणि त्यातूनच मराठवाड्याला आपला नेता मिळाला. जिथे लोकांना मत नाही, तिथे शाळा काढणे हेच राजकारण होते. मवाळांची पद्धत इथे चालणेच शक्य नव्हते, कारण तिला निदान अर्धे उघडे दार लागते.

ते अर्धे दार किती अपुरे आहे, हे स्वतः परांजपे यांनीही सांगितले. १९२४च्या मुडीमन समितीत सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जिना यांच्यासह त्यांनी वेगळा अहवाल दिला. किरकोळ दुरुस्त्यांनी द्विदल पद्धत सुधारणार नाही, मुळातच बदल हवा, हा त्याचा आशय. ज्या खुर्चीत बसल्याबद्दल शिव्या खाल्ल्या, त्या खुर्चीचे पाय लंगडे आहेत हे तिच्यावर बसलेल्यानेच सांगितले. मला त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. पुढे ते १९२७ मध्ये पुन्हा काही काळ मंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर होते. १९६६ मध्ये ते वारले. तोवर मवाळ पक्ष नावापुरताही उरला नव्हता.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात हिप्परग्याची शाळा सन्मानाने येते, आणि ते योग्यच आहे. परांजपे यांच्या कायद्यावर तिथे एक ओळही नसते, कारण तो आपला नव्हता. पण १७ सप्टेंबर १९४८ला निजामी राज्य संपले आणि १ नोव्हेंबर १९५६ला आपण मुंबई राज्यात आलो, तेव्हा शिक्षणाच्या हक्काची जी वहिवाट तिकडे तयार होती, ती कोणीतरी अप्रिय होऊन घातलेली होती. हिप्परग्याच्या शाळेला त्यागी माणसे लागली. त्यागी माणसे नसलेल्या गावातल्या पोरालाही शाळा मिळावी, यासाठी कायदा लागतो.

आजोबांनी वडिलांना शाळेत घातले ते मुक्तीनंतर. खरेदीखतावरचा अंगठा दाखवून ते वडिलांना म्हणायचे, "हे माझ्यापाशीच संपू दे."