पेनिसिलिनला न जुमानणारा न्यूमोनिया

धडधाकट, शाळेत जाणारं मूल. बारीक ताप, आठवडाभर न हटणारा कोरडा खोकला, तरी खेळणं चालू. एक्स-रेमध्ये मात्र न्यूमोनिया. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या अशा दुखण्याचं निदान करायला वैद्यकाने बराच लांबचा रस्ता तुडवला आहे.

१९३८ साली फिलाडेल्फियातले डॉ. होबार्ट रायमन यांनी नेहमीच्या न्यूमोनियात न बसणाऱ्या काही रुग्णांची नोंद केली. १९४४ मध्ये मन्रो ईटन यांना रुग्णांच्या थुंकीतून या आजाराचं मूळ सापडलं. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही ते पार होई, म्हणून ते विषाणू मानलं गेलं. हा समज बरीच वर्षं टिकला. १९६२ मध्ये रॉबर्ट चॅनॉक आणि लिओनार्ड हेफ्लिक यांनी सहकाऱ्यांसह ते जिवंत पेशींशिवाय, आगर या पोषक माध्यमावर वाढवून दाखवलं. विषाणूला ते जमत नाही. म्हणजे हा जिवाणूच होता. पुढच्याच वर्षी त्याला ‘मायकोप्लाझ्मा न्यूमोनिई’ हे नाव मिळालं. त्याला पेशीभित्तिका नाही. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन त्या भित्तिकेवरच घाव घालतात, त्यामुळे इथे ती निष्फळ ठरतात. अॅझिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं चालतात. पण पूर्व आशियात त्यांनाही दाद न देणारे जिवाणू फार वाढले आहेत.

कारण कळलं, तरी निदान सोपं झालं नाही. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहायला, म्हणजे कल्चरला, आठवडे लागत. रक्तातल्या प्रतिपिंडांची खात्री करायला काही आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने लागत; तोवर मूल बरंही झालेलं असे. मग जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी आली आणि काही तासांत उत्तर मिळू लागलं. पण २०१३ मध्ये रॉटरडॅमच्या अभ्यासात श्वसनाची कोणतीही तक्रार नसलेल्या सुमारे २१ टक्के मुलांच्या घशा-नाकातही हा जिवाणू आढळला. म्हणजे तो सापडला, एवढ्यावरून आजाराचं कारण तोच, असं म्हणता येत नाही.

कोविडच्या काळात तो जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०२३ मध्ये चीन आणि युरोपात, २०२४ मध्ये अमेरिकेत तो पुन्हा फोफावला. अमेरिकेत दोन ते चार वर्षांच्या बाळांमध्येही तो ठळकपणे वाढला, आणि हा शाळकरी वयाचाच आजार, हा समज मागे पडला.

आठ दशकांचा हिशेब मला असा दिसतो: चाचण्या वेगवान झाल्या, पण निदान अजूनही मूल तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातीच आहे. म्हणून पालकांनो, अमॉक्सिसिलिन सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप उतरत नसेल, तर दुकानातून दुसरं औषध आणू नका. मुलाला पुन्हा डॉक्टरांना दाखवा. श्वास जलद चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर तेवढीही वाट पाहू नका.