सासुरवासाची ओवी व तिची मुद्रित आकृती

शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिची ओवी साडेतीन चरणांची आहे. पहिल्या तीन चरणांना यमक असून चौथा आखूड व निर्यमक असतो. ओवीच्या अभ्यासात अहमदनगर जिल्ह्याचे (२०२४ पासून अहिल्यानगर) नाव प्रथम येते ते या ग्रंथामुळे. परंतु ग्रंथातील या ओवीखेरीज पहाटे जात्यावर गाइली जाणारी स्त्रियांची ओवीही आहे, आणि ती कागदासाठी रचलेली नाही.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यांत अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत सासूचा जाच व नवऱ्याचा मार सांगणाऱ्या ओव्याही आहेत. छापताना ओवी सामान्यतः दोन ओळींत मांडतात. त्यामुळे ती डोळ्यांना सुभाषितासारखी आटोपशीर दिसते, आणि दुसऱ्या ओळीबरोबर दुःखही संपले असे वाचकास वाटते.

प्रत्यक्ष गायनात असे घडत नाही. गाणारी स्त्री ओळीचे तुकडे करते, तेच शब्द पुन्हा घोळवते, मध्ये 'बाई' यासारखी संबोधने घालते. पहिल्या ओळीत पुष्कळदा आईला, भावाला किंवा जात्याला हाक असते. मनातले शल्य दुसरीत उच्चारले जाते. या दोहोंमध्ये जात्याचे फेरे होतात. घरात जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी लागणारा धीर या विलंबात एकवटतो, असे आम्हांस वाटते. म्हणूनच 'बाई' हा भरीचा शब्द समजून संपादकाने गाळला, तर दुःख ऐकणारी साक्षीदारच पानावरून नाहीशी होते.

तथापि दुसऱ्या टोकासही जाऊ नये. एकच ओवी अनेकींच्या तोंडी असते. तीतील 'मी' म्हणजे एखादीची जबानी नव्हे. तिला केवळ कल्पित म्हणणेही तितकेच चूक होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, मानसिक व आर्थिक छळही हिंसेत गणला. 'सासुरवास' या एका शब्दात स्त्रियांनी हे सारे पूर्वीच सामावून घेतले होते.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती मुकी झाली. ज्यांना या ओव्या अजून आठवतात त्यांच्याकडून त्या टिपून घेताना विद्यार्थ्यांनी पुनरुक्ती, संबोधने व विराम यांसह प्रथम गाइली तशीच लिहावी. दोन ओळींची आकृती त्यानंतर द्यावी. अर्थ लावावयाचा तो पहिल्या लेखनावरून.