रेकॉर्डी भंगारात घालण्याआधी



दिवाळी तोंडावर आली. आता घरोघरी माळे झाडायचे, पत्र्याच्या ट्रंका उघडायच्या आणि नको असलेलं भंगारवाल्याला घालायचं, हे काम निघेल. त्या पसाऱ्यात ताटलीएवढी, काळी, मधोमध भोक असलेली एखादी तबकडी हाताला लागली, तर ती लगेच तागडीत टाकू नका. आज आपण त्या तबकडीबद्दल, म्हणजे गाण्याच्या रेकॉर्डबद्दल बोलणार आहोत.

हे सांगायचं कारण आमच्याच गटात घडलंय. आमच्या मोहोळच्या गटातल्या एका सईच्या सासऱ्यांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा होता. लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, झाडाला कर्णा बांधून ते गाणी लावत. पुढे कॅसेट आली, मग मोबाइल आला, सासरेही गेले. रेकॉर्डीची लाकडी पेटी माळ्यावर पडून राहिली. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी भंगारात गेली. भंगारवाल्याने पेटीचं लाकूड आणि मशीनचं लोखंड घेतलं. रेकॉर्डी मात्र ‘हे ना लोखंड, ना प्लास्टिक’ म्हणून दारातच टाकल्या. त्या उकिरड्यावर गेल्या. आठ दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, “पेटी कुठंय गं? तिच्यात माझ्या लग्नात लावलेली रेकॉर्ड होती.” सुनेच्या तोंडातून शब्द फुटेना.

एकच रेकॉर्ड वाचली होती, कारण ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलेली होती. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ.

रेकॉर्ड कडेने धरून उजेडात तिरकी करून बघा. केसासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या पुष्कळ वाटतात, पण ती बाहेरून आत वळत गेलेली एकच रेघ असते, आपल्या चकलीसारखी. माणूस गातो तेव्हा आवाजाने हवा थरथरते. ती थरथर त्या रेघेत नागमोडी कोरलेली असते. सुई त्या रेघेतून फिरली की तीही तशीच थरथरते आणि आवाज परत येतो. जुन्या फोनोला तर वीजही लागत नसे. चावी भरायची, सुई टेकवायची, की कर्ण्यातून गाणं सुरू.

चपट्या तबकडीवर आवाज धरायची ही रीत एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली काढली. आपल्या देशात १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गाणी धरायला साहेब लोक आले. त्या पहिल्याच फेरीत गौहर जान या बाईंनी गाणी दिली. गाणं संपलं की शेवटी त्या आपलं नाव मोठ्याने सांगत. कारण तबकड्या छापायला जर्मनीला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळायला हवं. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच रेकॉर्डी छापायचा कारखाना निघाला.

आपल्या घरात सापडणाऱ्या रेकॉर्डी मुख्यतः दोन जातीच्या असतात. पहिली जात जड आणि कडक, हातातून सुटली की काचेसारखी फुटणारी. तिच्यावर ७८ आकडा असतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. तिच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावतं. आपल्या जुन्या गाण्यांची लांबी तेवढीच का, याचं एक कारण हेच. ही रेकॉर्ड लाखेची असते. बांगड्यांना वापरतात तीच लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात, त्यांच्यापासून ती मिळते. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढत.

दुसरी जात प्लास्टिकची. हलकी, जराशी वाकणारी. मोठी असेल तर ती लाँग प्ले, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटांची गाणी बसतात. ही १९४८ साली अमेरिकेत निघाली आणि नंतर आपल्याकडे आली. छोटी असेल तर बहुतेक ४५ फेऱ्यांची.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गाणी मोबाइलवर फुकट ऐकायला मिळतात, मग हे ओझं कशाला? त्याचं उत्तर असं. सिनेमाची गाजलेली गाणी मोबाइलवर आहेत. पण नाटकातली पदं, वग, पोवाडे, भजनं, कुठल्या तरी लहान कंपनीने थोड्याच छापलेल्या लावण्या यांतलं कितीतरी अजून कुणी उतरवून घेतलेलं नाही. ते फक्त अशा पेट्यांत आहे. आपल्या जिल्ह्याने तर गळे दिले आहेत. शाहीर अमर शेख बार्शीचे. प्रल्हाद शिंदे यांचं घराणं मंगळवेढ्याकडचं. त्यांच्या काळातल्या रेकॉर्डी आपल्या भागातल्या माळ्यांवर नसतील तर कुठे असतील?

दुसरी गोष्ट बायकांची आहे. आपल्या आजीच्या, सासूच्या काळात घरंदाज बाईने तमाशाच्या फडाकडे फिरकायचं नाही, अशी रीत होती. नाटकाला जायलाही घरातल्या मोठ्यांची परवानगी लागे. पण गावातल्या लग्नात कर्णा वाजला की तो बायकांना आणि पुरुषांना सारखाच ऐकू जाई. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे यांची गाणी रेकॉर्डीमुळे माजघरात आली. सुलोचना चव्हाण यांनी डोक्यावर पदर घेऊन लावणी गायली आणि ती घराघरात पोचवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. ज्या बाईला फडावर जाता आलं नाही, तिच्यापर्यंत फड रेकॉर्डीने आणून पोचवला. म्हणून ही तबकडी आपल्या आयाबायांच्या आयुष्याचाही पुरावा आहे.

रेकॉर्डी जमवणारी माणसं आपल्याकडे आहेत. मुंबईत १९९० साली अशा हौशी लोकांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिकही चालवलं. त्या संस्थेचं काम आपल्या सोलापुरातही चालायचं. जुन्या बाजारातून, भंगारातून एकेक रेकॉर्ड शोधून, तिची नोंद करून ही माणसं ठेवतात.

आता कामाचं बोलू. रेकॉर्ड सापडली तर काय करायचं?

आधी धूळ झटका. मऊ सुती कापड किंचित ओलं करून, रेघेच्या दिशेने गोल गोल पुसा. आडवं घासू नका. मधल्या कागदाला पाणी लावू नका. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावायचं नाही, त्यात लाख विरघळते. पुसून लगेच सावलीत कोरडी करा.

ठेवताना पुस्तकासारखी उभी ठेवा. भाकरीसारखी चळत रचली तर खालच्या दबतात, लाखेच्या असतील तर फुटतात. पत्र्याच्या छताखालचा माळा तर नकोच. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात प्लास्टिकची रेकॉर्ड पापडासारखी वाकडी होते. खालच्या खोलीतलं कोरडं कपाट चांगलं.

वाजवायची घाई करू नका. चावीच्या फोनोवर प्लास्टिकची रेकॉर्ड लावली तर लोखंडी सुई तिची रेघ खरवडून टाकते. लाखेच्या रेकॉर्डीला जाड टोकाची सुई लागते आणि फोनोची लोखंडी सुई दर बाजूला नवी घालायची असते. माहीतगार माणूस जवळ असेल तरच वाजवा आणि एकदा वाजवताना मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

मग वहीत यादी करा. कंपनीचं नाव, रेकॉर्डीवरचा नंबर, गाणं, गायक, सिनेमा किंवा नाटक, तडा आहे का, आणि रेकॉर्ड कुणाच्या घरची. कागद फाटला असेल तर कागदाच्या आणि रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोरलेला नंबर बघा. त्यावरूनही जाणकार गाणं ओळखतात. विकायची असेल तर खुशाल विका, पण किलोवर नको. यादी दोन-तीन जणांना दाखवून भाव विचारा. प्रत्येक रेकॉर्ड सोन्याची नसते हेही लक्षात असू द्या. गाजलेल्या सिनेमाच्या रेकॉर्डी खूप छापल्या गेल्या, त्यांना भाव थोडा येतो.

आता त्या बरणीवरच्या झाकणाचं सांगतो. तेलाने तिचा कागद गळून गेला होता, काठाला तडा होता. कोरलेला नंबर वहीत उतरवून आम्ही चौघी सासूबाईंना घेऊन सोलापूरला एका संग्राहक काकांकडे गेलो. त्यांनी नंबर बघितला, जुन्या यादीत शोधला, आणि सुई टेकवली. एक लावणी निघाली. दर फेऱ्याला तड्याचा टक् टक् आवाज येत होता.

सासूबाईंनी पूर्ण ऐकली. म्हणाल्या, “माझ्या लग्नातली ही नव्हे. पण ही मी पडद्याआडून ऐकलीय. नवी नवरी होते. पोळ्या लाटत होते आणि पाय आपोआप हलत होता. सासूने बघितलं, तसा मी पदर खाली ओढला.” एवढं बोलून त्या हसल्या. मग कुठल्या जत्रेत कोणतं गाणं लागायचं, कोण कुणाला फर्माईश करायचं, असं तासभर सांगत बसल्या. ते आम्ही मोबाइलवर घेतलंय. लग्नातली रेकॉर्ड मात्र गेली ती गेलीच.

म्हणून सयांनो, या दिवाळीत माळा झाडाल तेव्हा पेटी आधी घरातल्या म्हातारीपुढे उघडा. ती काय सांगते ते ऐका, जमलं तर मोबाइलवर घ्या. आणि पुढच्या बैठकीला येताना ती यादीची वही बरोबर आणा.