राखेच्या अंगणातले पाहुणे

पाहुणे यायचे आणि नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी नाही! कसा जीव कासावीस होतो ना? इटलीतल्या सिसिली बेटावर, एटना ज्वालामुखीच्या उतारावर शेतघरात पाहुणे ठेवणाऱ्या गृहिणीच्या मागे शिवाय राखेचं लचांड. २०२१ साली ती तिथल्या गावांवर पुन्हापुन्हा पडली. ही काही चुलीतली मऊ राख नव्हे. दगडाची, काचेची बोचरी पूड. भिजली की जड होते, पन्हळी तुंबतात, छपरावर भार येतो. पावसाचं पाणी साठवणाऱ्या घरात आधी टाकीकडे जाणारी नळी सोडवायची, मग नाकाला फडकं बांधून, पाण्याचा नुसता हबका मारून केरसुणी फिरवायची. भसाभसा पाणी ओतून धुवायला जाल तर फसाल! आणि पाहुण्यांपुढे ठेवायची द्राक्षं? तीही त्याच राखेच्या मातीत पिकलेली.